मुलांवर 'ढ' असा शिक्का बसू नये म्हणून आल्फ्रेड बिने यांनी चाचणी बनवली, जगाने तिचाच शिक्का केला

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा. भाषा आणि गणिताचा अभ्यास करता यायचा, पण 'बुद्धिमत्ता चाचणी' हे नाव वाचलं की पोटात गोळा यायचा. गटात न बसणारं पद ओळखा, आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा कोणती ते सांगा. त्यासाठी घरी गाईड, शाळेत जादा तास, रविवारी सराव पेपर. आणि निकाल लागला की शेजारच्या मुलाला किती पडले याची चौकशी.

गणितात कमी पडले तर मूल म्हणतं, गणित कच्चं आहे. पण बुद्धिमत्तेच्या पेपरात कमी पडले तर दहा-अकरा वर्षांच्या मुलाने स्वतःबद्दल काय समजायचं? आपल्याला बुद्धीच कमी आहे?

मुलांची बुद्धी प्रश्न विचारून मोजता येते, ही कल्पना जगभरच्या शाळांत ज्या माणसामुळे पोचली त्याचं नाव आल्फ्रेड बिने. गंमत म्हणजे, या माणसाला मुलांना नंबर द्यायचेच नव्हते. कुठल्याही मुलाला कुणीतरी उगाच 'ढ' ठरवून वर्गाबाहेर काढू नये, यासाठी त्यांनी आपली चाचणी बनवली होती.

मग गडबड कुठे झाली? त्यासाठी बिने यांची गोष्ट सुरुवातीपासून बघायला लागते.

वकिली झाली, डॉक्टरकी सुटली

बिने यांचा जन्म १८५७ सालचा, नीस शहरातला. आज हे शहर फ्रान्समध्ये आहे, पण तेव्हा ते सार्डिनियाच्या राज्यात होतं. तीन वर्षांनी, १८६० मध्ये ते फ्रान्सकडे गेलं. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघांचं पटलं नाही आणि ते वेगळे झाले. पुढे आई मुलाला घेऊन पॅरिसला आली आणि तिथल्या लुई-ल-ग्रां या नावाजलेल्या शाळेत त्याचं शिक्षण झालं.

या शिक्षणाच्या काळातला एक प्रसंग बिने यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवला. तोंडी परीक्षेत त्यांनी एका ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या बाबतीत गल्लत केली. परीक्षक चिडले आणि या मुलाला तत्त्वज्ञानाची बुद्धी कधी येणारच नाही, असं तिथल्या तिथे सांगून मोकळे झाले. एक चूक, आणि त्यावरून आयुष्यभराचा निकाल. बिने पन्नाशीला आले तरी हा प्रसंग विसरले नव्हते.

१८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत मन रमलं नाही. मग वैद्यकीय शिक्षण सुरू केलं, तेही अर्धवट सुटलं. शेवटी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते मानसशास्त्राची पुस्तकं वाचू लागले. या विषयाचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलंच नाही. जे काही शिकले ते स्वतःच्या वाचनातून.

पहिलीच मोठी चूक, तीही सगळ्यांसमोर

१८८० च्या दशकात पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात ज्यां-मार्तें शार्को या डॉक्टरांचा मोठा दबदबा होता. संमोहनावर त्यांचं काम चालायचं. तरुण बिने तिथे दाखल झाले आणि शार्ल फेरे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक चमत्कारिक दावा केला. संमोहित रुग्णाच्या शरीरावरून लोहचुंबक फिरवला की एका हाताची हालचाल दुसऱ्या हातात जाते, एक भावना उलटून तिच्या विरुद्ध भावना होते, असं दोघांनी जाहीर केलं.

बेल्जियममधल्या झोझेफ देलबफ या अभ्यासकाला हे पटेना. त्यांनी स्वतः येऊन प्रयोग पाहिले. तिथे रुग्णासमोरच पुढे काय होणार याची चर्चा चालायची. म्हणजे डॉक्टरांना काय हवं आहे ते रुग्णाला आधीच कळायचं, आणि तो तसंच करायचा. चुंबकाचा काही संबंधच नव्हता. बिने यांनी आधी बरीच वर्षं वाद घातला, पण शेवटी चूक कबूल करावी लागली.

या फजितीतून ते एक धडा शिकले. समोरचा माणूस काय उत्तर देतो, हे विचारणारा कसा विचारतो यावर खूप अवलंबून असतं. पुढे १९०० मध्ये त्यांनी याच विषयावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. शाळेतल्या मुलांवर त्यांनी प्रयोग केले. मुलांना वेगवेगळ्या लांबीच्या रेषा दाखवल्या, प्रश्नाची भाषा बदलून बघितली, मुलं गटात असताना कशी उत्तरं देतात ते तपासलं. मोठ्यांच्या सूचनेने आणि बरोबरच्या मुलांच्या दबावाने मुलं डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा वेगळं उत्तर देतात, हे त्यात स्पष्ट झालं.

परीक्षेच्या हॉलमध्ये घाबरलेलं मूल येत असलेलं उत्तरही चुकतं, हे आज प्रत्येक पालकाला माहीत असतं. बिने त्याचा सव्वाशे वर्षांपूर्वी अभ्यास करत होते.

घरातल्या दोन मुली आणि दोन तऱ्हा

१८८४ मध्ये बिने यांचं लग्न लोर बाल्बियानी यांच्याशी झालं. सासरे नावाजलेले जीवशास्त्रज्ञ होते. पुढे मादलेन आणि आलिस या दोन मुली झाल्या, आणि बिने यांना घरातच प्रयोगशाळा मिळाली. मुली काय बघतात, कशा मोजतात, वस्तूचं वर्णन कसं करतात, याच्या त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या.

दोन्ही मुली एकाच घरात वाढत होत्या, पण तऱ्हा अगदी निराळ्या. मादलेन शांत, जपून पाऊल टाकणारी, समोर आहे ते नेमकं सांगणारी. आलिस कल्पनेत रमणारी. एकच वस्तू दोघींना दाखवली तर एक तिचे तपशील सांगायची, दुसरी तिच्यावरून गोष्ट रचायची. यातली हुशार कोण?

बिने यांना हा प्रश्नच चुकीचा वाटू लागला. १९०३ मध्ये त्यांनी मुलींची नावं बदलून हा सगळा अभ्यास पुस्तकात मांडला. बुद्धी म्हणजे एका पट्टीवर कमी-जास्त मोजायची एकच वस्तू नव्हे, तर तिच्या अनेक तऱ्हा असतात, हे त्यांना घरातच दिसलं होतं.

दरम्यान १८९१ मध्ये ते सोरबॉन विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत काम करू लागले. तिथले प्रमुख आंरी बोनी यांच्याशी त्यांची गाठ पडली ती एका रेल्वे स्टेशनवर. तिथेच बिने यांनी बिनपगारी काम करायची तयारी दाखवली. काही वर्षांत ते त्याच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले आणि शेवटपर्यंत त्या पदावर राहिले. प्राध्यापकपद मात्र त्यांना फ्रान्समध्ये कधीच मिळालं नाही. जोडीला ते नाटकंही लिहायचे. पॅरिसमध्ये भयनाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रां गिन्योल थिएटरशी त्यांचं चांगलं नातं होतं.

डोक्याचा घेर मोजून बघितला, पण...

त्या काळी बुद्धी मोजायची एक सोपी रीत मानली जायची. डोकं मोजा. ज्याचं डोकं मोठं तो हुशार. बिने यांनीही हे करून बघितलं. शाळाशाळांत जाऊन शिक्षकांनी निवडलेल्या सगळ्यात हुशार आणि सगळ्यात मागे पडलेल्या मुलांची डोकी मोजली.

फरक निघाला तो नगण्य. शिवाय बिने यांना आणखी एक शंका आली. कोणतं मूल हुशार आहे हे मोजणाऱ्याला आधीच माहीत असलं, तर त्याचा हात नकळत त्या बाजूला झुकत असणार. त्यांनी ही शंका स्वतःवरच घेतली आणि स्वतःच्याच मापांकडे संशयाने बघितलं. चुंबकाच्या प्रकरणात पोळलेला माणूस आता ताकही फुंकून पीत होता. डोकी मोजायचा मार्ग त्यांनी सोडून दिला.

मुलांवर पडणाऱ्या ताणाचा विषयही त्यांच्या डोक्यात होताच. व्हिक्टर आंरी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १८९८ मध्ये बौद्धिक थकव्यावर पुस्तक लिहिलं. अभ्यासाने मुलं किती थकतात, यावर तेव्हा फ्रान्समध्ये जोरात वाद चालू होता. बिने यांचं म्हणणं साधं होतं. नुसती मतं मांडून भागणार नाही, मुलांपाशी जाऊन तपासा.

सगळी मुलं शाळेत आली आणि प्रश्न उभा राहिला

आता येऊ मुख्य मुद्द्यावर.

१८८२ मध्ये फ्रान्समध्ये ६ ते १३ वर्षांच्या सगळ्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. त्याआधी जी मुलं शाळेची पायरी चढत नव्हती, ती वर्गात येऊन बसली. गरिबांची, मजुरांची, घरात पुस्तक न बघितलेली. काही मुलं वर्गाबरोबर चालू शकत नव्हती. त्यांचं करायचं काय?

१९०४ मध्ये फ्रान्सच्या शिक्षण खात्याने यासाठी आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. मागे पडणाऱ्या मुलांसाठी खास वर्ग काढावेत असं ठरत होतं, पण त्या वर्गात कुणाला पाठवायचं हे कोण ठरवणार?

तेव्हाची पद्धत धोक्याची होती. शिक्षकाला त्रास देणारं मूल नको असेल तर तो त्याला मंद म्हणून मोकळा व्हायचा. उलट एखाद्या मुलाला खरोखर मदतीची गरज असली तरी घरचे ते मान्य करायचे नाहीत. डॉक्टरांकडे गेलं तर त्यांची आपसातच एकवाक्यता नव्हती. आज एका डॉक्टरने जे नाव दिलं ते उद्या दुसरा डॉक्टर बदलायचा. या गोंधळात एखाद्या धडधाकट मुलावर कायमचा शिक्का बसला, तर त्याची जबाबदारी कुणाची?

बिने यांचं मत होतं की पुराव्याशिवाय कोणत्याही मुलाला नेहमीच्या वर्गातून हलवता कामा नये. आणि तो पुरावा सगळ्यांसाठी सारखा हवा.

३० छोटी कामं

तेओडोर सिमों हे तरुण डॉक्टर पॅरिसजवळच्या पेरे-व्होक्लुझ इथल्या संस्थेत बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांसोबत काम करायचे. त्यांना बरोबर घेऊन बिने यांनी १९०५ मध्ये ३० कामांची एक मालिका तयार केली. सोप्याकडून अवघडाकडे जाणारी.

पहिलं काम म्हणजे पेटलेल्या काडीमागे मुलाची नजर फिरते का ते बघायचं. पुढे खाऊ आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक कळतो का, वस्तूंची नावं सांगता येतात का, तीन आकडे ऐकून परत म्हणता येतात का, दोन रेषांतली लांब रेषा ओळखता येते का, दिसायला सारखी पण वजनाला वेगळी खोकी क्रमाने लावता येतात का, असं करत करत शेवटी अमूर्त शब्दांतला फरक सांगण्यापर्यंत.

या कामांत पाठांतराला जवळजवळ जागा नव्हती, आणि ते मुद्दाम केलं होतं. शाळेत काय शिकवलं हे त्यांना तपासायचं नव्हतं. परिस्थिती समजून घेऊन मूल स्वतःच्या डोक्याने काय करतं, हे बघायचं होतं.

१९०८ मध्ये त्यांनी ही चाचणी सुधारली आणि ३ ते १३ अशी वयाप्रमाणे कामं लावली. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावं. मोठ्या मुलांना विसंगत वाक्यं ऐकवली जात, आणि त्यात चुकीचं काय ते विचारलं जाई. एका तरुणीच्या प्रेताचे अठरा तुकडे सापडले, लोक म्हणतात तिने आत्महत्या केली, असा एक भयंकर नमुनाही त्यात होता. नाटकांची आवड इथेही डोकावलीच.

मूल ज्या वयाची कामं करू शकतं, तो त्याचा मानसिक स्तर. बस्स, एवढंच. बुद्धीचा आकडा नाही, टक्का नाही, नंबर नाही.

चाचणी घ्यायची कशी, यावरही बिने यांचा कटाक्ष होता. शांत खोली असावी. एका वेळी एकच मूल. आधी त्याच्याशी आपुलकीने बोलावं, त्याची भीती घालवावी, मधेमधे धीर द्यावा, पण उत्तर सुचवू नये. बुजलेल्या मुलाची बुद्धी मोजता येत नाही, एवढं त्यांना आधीच्या प्रयोगांतून कळलं होतं.

आणि एक मर्यादा त्यांनी स्वतःच वारंवार सांगितली. ही चाचणी मुलाची आजची स्थिती दाखवते. ते मागे का पडलं हे ती सांगत नाही, आणि पुढे काय होईल हे तर मुळीच नाही.

चाचणीनंतर काय? तर मदत

१९०५ मध्येच बिने यांनी पॅरिसच्या एका प्राथमिक शाळेत प्रयोगशाळा उघडली. शाळेचे प्रमुख व्हिक्टर व्हाने त्यांच्या सोबत होते. इथे मुलांच्या बुद्धीबरोबर डोळे आणि कानही तपासले जायचे. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मूल मागे पडतं आणि शिक्षकाला ते आळशी वाटतं, ही गोष्ट बिने यांना फार महत्त्वाची वाटायची.

काही वर्षांत मागे पडलेल्या मुलांसाठी वर्ग सुरू झाले. तिथे थेट गणित-भाषा शिकवण्याआधी मुलांकडून खेळ करून घेत. त्यातला एक आपल्या स्टॅच्यूसारखा. इशारा झाला की सगळ्यांनी आहे त्या स्थितीत थिजायचं, कुणी हलायचं नाही. यातून लक्ष देण्याची आणि स्वतःवर ताबा ठेवण्याची सवय लागते. बिने यांनी याला मनाचा व्यायाम मानलं. वाकडं हाड सरळ करायला जसा उपचार असतो, तसा हा मनासाठी.

१९०९ मध्ये त्यांनी मुलांबद्दलच्या नव्या विचारांवर पुस्तक लिहिलं. बुद्धी जन्मजात ठरलेली असते आणि ती वाढवता येत नाही, या समजुतीवर त्यांनी त्यात कडक टीका केली. आपला विद्यार्थी सुधारणारच नाही असं धरून चालणारा शिक्षक त्याला शिकवायचं सोडून देतो, आणि मग ते मूल खरंच मागे राहतं. तोंडी परीक्षेतला तो जुना प्रसंग त्यांनी सांगितला तो याच पुस्तकात.

बिने यांची चाचणी निर्दोष होती असं मात्र नाही. १९०५ ची मालिका जेमतेम पन्नासेक सर्वसाधारण मुलांच्या आधारावर उभी होती. बेल्जियमच्या अभ्यासकांनी तीच चाचणी ब्रसेल्समधल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांना दिली, तेव्हा ती मुलं वयाच्या पुढे निघाली. म्हणजे घरची परिस्थिती उत्तरांत उतरत होती. बिने यांनी हे नाकारलं नाही, उलट त्यावर लिहिलं. १९११ मध्ये त्यांनी पुन्हा सुधारणा केली आणि शाळेतल्या शिक्षणावर अवलंबून असलेले काही प्रश्न काढून टाकले.

त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर १९११ ला, वयाच्या ५४ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. काम अर्धवटच होतं. चाचणी मात्र तोपर्यंत समुद्रापार गेली होती.

आकडा आला आणि अर्थ बदलला

१९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी सुचवलं की मानसिक वयाला खऱ्या वयाने भागावं. १९१६ मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन यांनी बिने यांची चाचणी वाढवली आणि त्या भागाकाराला १०० ने गुणलं. आयक्यू म्हणतात तो हाच. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलाची कामं केली तर आयक्यू १२५. सहा वर्षांच्या मुलाची केली तर ७५.

वाटायला हा साधा हिशोब. पण बिने ज्याला आजची स्थिती म्हणत होते, ती आता मुलाच्या कपाळावरचा आकडा झाली. आकडा आला की रांग लागते, आणि रांग लागली की कुणीतरी शेवटचं असतंच.

बिने यांची चाचणी अमेरिकेत नेणारे हेन्री गॉडर्ड यांचं मत तर बिने यांच्या अगदी उलट होतं. बुद्धी आनुवंशिक असते आणि बदलत नाही, असं ते मानायचे. त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरलेल्या स्थलांतरितांना चाचण्या दिल्या. लांबचा प्रवास करून थकलेले, भाषा न कळणारे, घाबरलेले लोक. तपासलेल्यांची संख्या थोडीच होती, पण त्यातल्या पाचातल्या चारांना मतिमंद ठरवलं गेलं. आपुलकीने बोला, भीती घालवा, या बिने यांच्या सूचना बंदरावर कुठल्या कुठे गेल्या.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि साधारण १७ लाख सैनिकांना एकगठ्ठा लेखी बुद्धिमापन चाचण्या दिल्या गेल्या. एका वेळी एक मूल हा नियम तिथेच संपला. शेकडो लोकांना एका वेळी तपासता येतं हे कळल्यावर शाळांनीही तोच मार्ग धरला. सैन्याच्या या कामात असलेले कार्ल ब्रिगम यांनीच पुढे १९२६ मध्ये कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा तयार केली.

सगळ्यात वाईट परिणाम व्हर्जिनिया राज्यात दिसला. तिथे कॅरी बक या तरुणीला चाचणीच्या आधारे मंदबुद्धी ठरवलं गेलं. तिची तान्ही मुलगी व्हिव्हियनही तशीच आहे, असं काही महिन्यांच्या बाळाकडे बघून सांगण्यात आलं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, तिचं नाव गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीतही लागलं. आठव्या वर्षी आजारपणात ती वारली. अशा कायद्यांखाली अमेरिकेत ६० हजारांहून जास्त लोकांची नसबंदी झाली.

गॉडर्ड आणि ब्रिगम या दोघांनीही पुढे आपली आधीची मतं बरीचशी मागे घेतली. पण यंत्रणा तोवर उभी राहिली होती.

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर साधारण अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी व्हायची. चारा-पाचातलं एखादं मूल ग्रामर स्कूलला, बाकीची दुसऱ्या शाळांत. कॉलेजचा रस्ता बहुतेकांसाठी अकराव्या वर्षीच बंद. कॅलिफोर्नियात मंद मुलांसाठीच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलांची भरती प्रमाणाबाहेर होत होती. पालक कोर्टात गेले आणि १९७९ मध्ये न्यायालयाने त्यासाठी आयक्यू चाचणी वापरायला मनाई केली. मुलांना शिक्षकाच्या लहरीपासून वाचवायला निघालेली चाचणी आता स्वतःच कोर्टात आरोपी होती.

मराठीत बिने कसे आले?

भारतात लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजमधल्या सी. हर्बर्ट राईस यांनी १९२० च्या दशकात बिने यांची चाचणी हिंदुस्थानीत आणली. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी ती बदलून घेतली. परदेशी प्रश्न तसेच्या तसे विचारून आपल्याकडच्या मुलांचा अंदाज येणार नाही, म्हणून इथल्या मुलांवर ती तपासून घेतली. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही मानसोपचार तज्ज्ञांकडे वापरली जाते. शिकायला अडचण येणाऱ्या मुलाला कसली मदत लागेल हे ठरवताना तिचा उपयोग होतो. हा उपयोग बिने यांच्या मूळ हेतूच्या बराच जवळचा आहे.

पण बुद्धिमापनाचा दुसरा, स्पर्धेचा प्रवाहही इथे आला. शिष्यवृत्तीत बुद्धिमत्ता चाचणी आहे, आठवीच्या एनएमएमएस परीक्षेत आणि नवोदयच्या प्रवेशातही मानसिक क्षमता तपासणारा भाग आहे. या परीक्षांतून गरीब आणि खेड्यातल्या कितीतरी मुलांना पुढचा रस्ता मिळाला, हेही तितकंच खरं. अडचण होते ती परीक्षेत न निवडलं गेलेलं मूल बिनडोक, असा अर्थ घरात आणि वर्गात काढला जातो तेव्हा. जागा कमी असतात म्हणून निवड होते. त्यातून मुलाची बुद्धी ठरत नाही.

शिवाय ज्या प्रश्नांचा वर्षभर क्लासमध्ये सराव करून घेतला जातो, ते प्रश्न बुद्धी मोजतात की सराव, हाही प्रश्न आहेच.

कायद्याने निदान एक दार बंद केलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. तसं केलं तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे पहिलीच्या प्रवेशासाठी कुणी चिमुरड्याची परीक्षा किंवा मुलाखत घेत असेल, तर ते कायद्यात बसत नाही.

पालकांनी यातून काय घ्यायचं?

बिने यांच्या कामावरून कुठल्याही परीक्षेला लावता येतील असे तीन प्रश्न निघतात. ही परीक्षा कशासाठी घेतली जाते आहे, मदत करायला की गाळायला? परीक्षा देताना मूल घाबरलेलं, थकलेलं, आजारी तर नव्हतं? आणि निकालानंतर त्या मुलासाठी कुणी काही करणार आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर त्या आकड्याचा मुलाला फारसा उपयोग नाही. ते आकडे वाचून कुणाच्या दिसण्यातला दोष, कुणाच्या ऐकण्यातला, कुणाची घरची ओढाताण शोधायची असते. बिने यांच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत नेमकं हेच चालायचं.

बिने आज पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहेत. जगभरच्या शाळांत मुलांच्या बुद्धीला आकडे देणं अजून चालूच आहे. हे आकडे त्यांच्या नावावर खपतात, पण त्यांनी स्वतः एकाही मुलाला आयक्यू दिला नव्हता. आयक्यू आला तोच मुळी त्यांच्या मृत्यूनंतर.